फोन कोण लावणार?

दिवाळी जवळ आली की प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र हमखास येतं. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके आणि खाली ओळ: ‘दिवाळीच्या रात्री नासाने अवकाशातून टिपलेला आपला भारत’. कॉलेज आणि विद्यापीठातल्या शिक्षकांसाठी मी माध्यम साक्षरतेच्या, म्हणजे आपल्यापर्यंत आलेली माहिती पारखून घ्यायच्या, कार्यशाळा घेते. पहिल्या सकाळी बहुतेक वेळा हेच चित्र पडद्यावर लावते. कुणाकडे आलंय, असं विचारलं की जवळपास सगळे हात वर होतात. कुणी पुढे पाठवलंय, यालाही बरेच हात येतात. कुणाला खजील करायचा हेतू नसतो. कामाला सुरुवात करायला हे चित्र फार चांगलं आहे.

एका कार्यशाळेत भूगोलाचे एक सर पडद्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “मॅडम, वरून दिवे असे चार रंगांत कशाला दिसतील? हे वर्गीकरण आहे. म्हणजे नकाशाला सूची असणार. ती कुणीतरी कापलीय.” मग सगळा हॉल सूचीच्या मागे लागला, आणि ती सापडायला फार वेळ लागला नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते चित्र बनवलेलं आहे. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ मधले हिरवे, २००३ मधले लाल. नासाने २०१२ च्या दिवाळीच्या सुमारास भारताची खरीखुरी रात्रीची प्रतिमा प्रसिद्ध केली होती, तीही मिळाली. ती एरवीच्या रात्रीसारखीच दिसते, कारण पणत्या आणि आकाशकंदिलांचा जादा उजेड अवकाशातून कळण्याइतका नसतो.

त्यानंतर जे झालं ते मला मोलाचं वाटतं. ‘फेक आहे’ म्हणून चित्र कुणी बाजूला सारलं नाही. जो तो आपला जिल्हा शोधायला लागला. खोट्या ओळीच्या वर दशकभरात पसरलेल्या विजेच्या दिव्यांचा खरा नकाशा होता. भूगोलाच्या सरांना दोन तासिकांचं साहित्य मिळालं आणि अर्थशास्त्राच्या मॅडमना एक प्रश्न: आमच्याकडे लाल ठिपके इतके कसे? तिथे कुठला कारखाना आला, कुठली वसाहत वाढली? एका फॉरवर्डपासून सुरू झालेली सकाळ संशोधनाच्या प्रश्नापर्यंत पोचली होती. शिक्षकांचं प्रशिक्षण या वाटेने व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

हे सांगायचं कारण म्हणजे सध्या हा विषय शिकवायची जबाबदारी अचानक शेकडो शिक्षकांवर येऊन पडली आहे. नवीन शैक्षणिक धोरण राज्यातल्या कॉलेजांत लागू झालं, तसे दोन-दोन क्रेडिटचे नवे पेपर आले: ओपन इलेक्टिव्ह, व्हॅल्यू एज्युकेशन, स्किल एन्हान्समेंट. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. त्यांत कुठे ‘डिजिटल साक्षरता’, कुठे ‘माध्यमे आणि समाज’, कुठे ‘माध्यम साक्षरता’ अशी नावं दिसतात. पत्रकारितेचा विभाग मोजक्या ठिकाणी आहे. बाकी कॉलेजांत हा पेपर मराठी, इंग्रजी, राज्यशास्त्र, नाहीतर ज्यांचा वर्कलोड कमी भरतोय त्यांच्याकडे जातो. त्यांनी स्वतः हा विषय कधी शिकलेला नसतो.

मग अभ्यासक्रमाचा कच्चा मसुदा होतो आणि त्याचं पहिलं घटक-शीर्षक आपल्याला न बघताही सांगता येतं: ‘माध्यम साक्षरता: अर्थ, व्याख्या, स्वरूप, व्याप्ती आणि महत्त्व’. पुढे माध्यम शिक्षणाचा आग्रह धरणारा १९८२ चा ग्रुनवाल्ड जाहीरनामा, युनेस्कोने २०११ मध्ये खास शिक्षकांसाठी काढलेला अभ्यासक्रम, त्याची २०२१ ची नवी आवृत्ती. हे सगळं खरं आहे, महत्त्वाचंही आहे. युनेस्कोने सुरुवात शिक्षकांपासून केली, कारण ज्याने स्वतः कधी पडताळणी केलेली नाही तो वर्गात ती करून दाखवू शकत नाही. पण तेच पाच गुणांच्या टीपेसाठी पाठ करायला दिलं की त्यातला जीव जातो. मी शिक्षकांना विनंती करते की पहिला घटक काढून शेवटी टाका. पहिल्या तासाला मुलांच्या हातात एक मेसेज द्या.

यावर हमखास प्रश्न येतो, “आम्ही संशोधन केलेलं आहे, पीएचडी आहोत, आम्हाला पडताळणी वेगळी शिकायची काय गरज?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका अभ्यासात मिळतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी तीन प्रकारच्या लोकांना संगणकासमोर बसवलं: इतिहासात पीएचडी केलेले दहा जण, व्यावसायिक फॅक्ट-चेकर, म्हणजे माहितीची सत्यता तपासणारे, दहा आणि त्याच विद्यापीठातले पंचवीस पदवीचे विद्यार्थी. त्यांना दाखवलेल्या संकेतस्थळांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं होती. एक हजारो सदस्यांची, १९३० पासूनची अधिकृत संघटना. दुसरी तिच्यातून २००२ मध्ये फुटलेली, विशिष्ट विचारांच्या थोड्या डॉक्टरांची. नाव मात्र जवळपास तसंच भारदस्त. फॅक्ट-चेकर मंडळींनी कोण काय आहे ते झटपट ओळखलं. इतिहासकारांपैकी बरेच जण घुटमळले, दोन्ही विश्वासार्ह वाटतात म्हणाले. बहुतेक विद्यार्थ्यांनी तर फुटीर संघटनेलाच पसंती दिली.

फरक कशाने पडला? इतिहासकारांनी पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचलं. मांडणी पाहिली, तळटीपा पाहिल्या, भाषा संयत आहे का ते पाहिलं. फॅक्ट-चेकर काही क्षणांत ते पान सोडून निघाले. त्यांनी नव्या टॅब उघडल्या आणि या संघटनेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी शोधलं. याला ‘लॅटरल रीडिंग’ म्हणतात. आपली सगळी शिस्त समोरचा मजकूर नीट वाचण्याची आहे आणि ग्रंथालयात ती योग्यच असते, कारण तिथे आलेलं पुस्तक आधीच कुणीतरी पारखलेलं असतं. फोनवर आलेला मजकूर कुणीच पारखलेला नसतो. हे लक्षात आलं की अनुभवी प्राध्यापकांचा चेहरा उजळतो. आपण कमी पडलो असं त्यांना वाटत नाही; आपली सवय कुठे चालते आणि कुठे नाही, हे नेमकं कळल्याचं समाधान असतं ते.

पण ही पद्धत जशीच्या तशी मराठीत आणली की अडते, आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. दुसरी टॅब उघडली की तिथे काहीतरी स्वतंत्र माहिती असेल, हे या पद्धतीने गृहीत धरलेलं आहे. जगभराच्या विषयावर, इंग्रजीत, ती असते. आपल्या तालुक्याबद्दल, मराठीत, फार वेळा नसते. धरणाचा दरवाजा तुटला, अमुक आरोग्य केंद्रात लशीने मूल दगावलं, अनुदानाच्या अर्जाची मुदत उद्या संपतेय असा मेसेज येतो. शोधायला जावं तर दहा पोर्टलवर तोच मजकूर, त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसकट. दहा ठिकाणी दिसला म्हणून तो दहापट खरा वाटतो, आणि मूळ एकच असतं. मराठीत पडताळणी करणाऱ्या संस्था आता आहेत, त्यांचं काम चांगलं आहे. पण प्रत्येक गावचा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचणार कसा?

म्हणून आमच्याकडे लॅटरल रीडिंगच्या पुढची पायरी फोनची असते. बिबट्याचा एक व्हिडिओ आम्ही सरावाला घेतला होता. ‘काल रात्री आपल्या भागात’ एवढंच खाली लिहिलेलं. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला आणि म्हणाल्या, “मागे आहे तो ऊस नाही. ओळी बघा, उतार बघा, हा चहाचा मळा आहे.” म्हणजे व्हिडिओ इथला नाही, एवढं ठरलं. पण गावात बिबट्या आहे की नाही, हा प्रश्न शिल्लकच होता, आणि रात्रीचं पाणी द्यायला शेतावर जाणाऱ्यांसाठी खरा प्रश्न तोच होता. तेव्हा एका सरांनी वनपरिक्षेत्र कार्यालयाला फोन लावला. कॉलेजचं नाव सांगितलं, काम सांगितलं. त्यांना कळलं की बिबट्याने जनावर मारलं की भरपाईसाठी पंचनामा होतो आणि त्याचा कागद राहतो. मग किती पंचनामे, कुठल्या गावांत, कुठल्या महिन्यांत, असे प्रश्न आपोआप पुढे आले. व्हिडिओ खोटा ठरवून थांबलो असतो तर हातात फक्त ‘खोटा’ हा शिक्का राहिला असता. त्या फोनमुळे तालुक्यातल्या बिबट्यांवर एक छोटा अभ्यास उभा राहू शकतो.

माध्यम साक्षरता आणि संशोधन कौशल्यं यांची प्रशिक्षणं आपल्याकडे वेगवेगळी होतात. एकाला माध्यमातले लोक येतात, दुसऱ्याला नमुना निवड आणि संख्याशास्त्र सांगणारे. मराठी मुलखात ती एकत्रच व्हायला हवीत, असं मी आग्रहाने म्हणते. आपल्याला जे पडताळायचं आहे त्याची माहिती बहुतेकदा जालावर नाहीच. ती कुणीतरी जाऊन मिळवायची आहे, लिहून ठेवायची आहे. तालुक्याच्या गावी हे करू शकेल असा माणूस कोण? स्थानिक वार्ताहर एकटा असतो, जाहिरातीचं टार्गेटही त्याच्याच डोक्यावर असतं. कॉलेजातल्या शिक्षकाकडे ग्रंथालय आहे, साठ विद्यार्थी आहेत, आणि ते साठ जण तीस गावांतून येतात. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते, हे मला अशा वेळी आठवतं.

राईनपाड्याबद्दल बोलल्याशिवाय मी कुठलीही कार्यशाळा संपवत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या या गावात बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज अनेक दिवस फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारून टाकलं. त्याच उन्हाळ्यात देशभर अशा हत्या होत होत्या, आणि त्या काळात फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक होता दोघे मोटारसायकलस्वार रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात, असा. त्याचा माग शिक्षक स्वतः काढतात. व्हिडिओतली चित्रं वेगळी काढून उलटा शोध घेतला, म्हणजे चित्रावरून जालावर त्याचं मूळ शोधलं, की मूळ फिल्म सापडते. ती कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जनजागृतीची फिल्म आहे. तिच्या शेवटी तेच दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. फिरलेल्या व्हिडिओत तो शेवट कापलेला होता.

त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा आणली. तिचा उपयोग झाला असेल. पण मेलेले पाच जण भटक्या समाजाचे होते, हे कुठल्याही मर्यादेने बदलत नाही. अनोळखी भाषा, अनोळखी वेश, दारोदार फिरणं यांवर गावाचा संशय आधीच तयार होता. फिरणाऱ्या मेसेजनी त्याला ठिणगी दिली. म्हणून अभ्यासक्रमात शोधाची साधनं शिकवून भागत नाही. कुणाबद्दलची अफवा आपल्याला चटकन पटते, हा प्रश्न समाजशास्त्राच्या, मराठीच्या, इतिहासाच्या शिक्षकांनी घ्यायचा आहे, आणि तो ते तंत्रज्ञाच्या मदतीशिवाय उत्तम घेऊ शकतात.

हे सगळं एका व्याख्यानात होईल का? प्राचार्यांचा फोन येतो तेव्हा बहुधा हीच अपेक्षा असते: दीड तास, दीपप्रज्वलन, व्याख्यान, आभार, अहवालात दोन फोटो. त्यांचीही अडचण मला समजते, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलला कार्यक्रम लागतात. पण याविषयीचा पुरावा आपल्याच देशातला आहे. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये १,२२४ जणांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण, खोटी बातमी ओळखायच्या क्लृप्त्या. एकंदरीत फरक पडला नाही. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहारमध्येच ५८३ गावांत शाळकरी मुलांसाठी, गावातल्या वाचनालयांतून, अनेक आठवडे चालणारा अभ्यासक्रम घेतला. सुमारे १३,५०० मुलं त्या अभ्यासात होती. या वेळी फरक पडला, तो काही महिन्यांनीही टिकला, आणि पालकांपर्यंतही थोडाफार पोचला. राज्य तेच होतं. जास्तीचा होता तो वेळ आणि परत परत भेट. तीस तासांचा पेपर आपल्या हाती आहे. तो व्याख्यांत घालवू नये, ही कळकळ त्यातूनच येते.

आता संशोधनाची दुसरी बाजू, जिच्याबद्दल शिक्षक स्टाफरूममध्ये बोलतात, व्यासपीठावर कमी बोलतात. खोट्या माहितीच्या बाजारात प्राध्यापक स्वतः गिऱ्हाईक आहे. ‘आदरणीय महोदय, आपला शोधनिबंध तीन दिवसांत प्रसिद्ध करू’ असे ईमेल सगळ्यांना येतात. पदोन्नतीला निबंध लागतात, पीएचडीला लागत होते, आणि त्यावर एक मोठा धंदा उभा राहिला. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, त्या वेळच्या मान्य नियतकालिकांच्या यादीची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली १,००९ नियतकालिकं त्यांनी निकष लावून पाहिली, त्यातली ११२ टिकली. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली आणि पुढच्या वर्षी पुण्याच्या विद्यापीठाच्या मदतीने ‘केअर’ यादी आणली. २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर सोपवली.

म्हणजे आता प्रत्येक शिक्षकाला नियतकालिक स्वतः पारखायचं आहे. याच्याइतका चांगला सराव कुठला? संपादक मंडळातल्या तीन नावांना त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा. पत्ता खरा आहे का बघा. एकाच अंकात मृदाशास्त्र, संतसाहित्य आणि नर्सिंग का आहे, हे विचारा. मागच्या अंकातल्या एका निबंधाचे पाच संदर्भ उघडा. हे शेवटचं तर आता अत्यावश्यक झालं आहे, कारण एआयला संदर्भ मागितले की ते अस्तित्वात नसलेले निबंधही खऱ्या लेखकांच्या नावाने, खंड आणि पृष्ठांसह देतं. एका मॅडमनी विद्यार्थ्याच्या प्रकल्पातली यादी घेऊन आमच्यासमोर एकेक संदर्भ शोधला. काही मिळाले, काही कुठेच नव्हते. त्यांनी विद्यार्थ्याला बोलावून रागावणं टाळलं आणि तीच यादी वर्गात सगळ्यांना शोधायला दिली. मला त्यांचा हा निर्णय फार आवडला.

प्रशिक्षण कुणाला मिळतं, यावरही स्पष्ट बोललं पाहिजे. शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रांची नावं बदलत गेली: पूर्वीची ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं, मग एचआरडीसी, आता मालवीय मिशनची केंद्रं. रिफ्रेशर आणि इंडक्शनचे कोर्स तिथे होतात, आणि कॅससाठी, म्हणजे पदोन्नतीच्या योजनेसाठी, ते लागतात म्हणून कायम शिक्षक जातात. नवे पेपर मात्र अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. त्यांना रजा नाही. तासिका बुडाली की मानधन बुडतं. जो माणूस उद्या वर्गात उभा राहणार आहे तोच प्रशिक्षणाच्या खोलीत नसतो. त्याला त्या दिवसांचे पैसे देऊन बोलवावं, ही मागणी मी प्रत्येक अहवालात लिहिते आणि लिहीत राहणार.

परीक्षेचा प्रश्न शेवटच्या दिवशी निघतोच. “गुण कसे द्यायचे?” आमच्या गटाने यावर ‘पडताळणी वही’ काढली. विद्यार्थ्याने सत्रभरात आपल्याकडे आलेले मोजके मेसेज घ्यायचे. पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर झाकायचा, घरच्या ग्रुपवरचा असेल तर विचारून घ्यायचा. मग लिहायचं: नेमका दावा काय, कुठे शोधलं, कुणाला फोन केला, कोण काय म्हणालं, कुठला कागद पाहिला आणि काय कळलं नाही. ‘कळलं नाही’ हा रकाना प्रामाणिकपणे भरणाऱ्याला पूर्ण गुण, यावर गटात बराच वाद झाला. मी त्या बाजूने ठाम होते. जे ठरवता येत नाही ते ठरलं म्हणून सांगायची घाई, हाच तर सगळ्या प्रकरणाचा उगम आहे.

वहीच्या शेवटी शिक्षकांनी आणखी एक रकाना जोडला: कुणी उत्तर दिलं नाही. तहसील, आरोग्य केंद्र, महावितरण, कृषी कार्यालय, फोन सगळीकडे उचलला जाईलच असं नाही. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत साधारण तीस दिवस. सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात अर्ज गेला तर परीक्षेच्या आत उत्तर हाती येऊ शकतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लिहायचा असतो. ‘आमच्या तालुक्यातील लसीकरणाबाबत सर्व माहिती मिळावी’ असं लिहिलेला पहिला मसुदा ‘अमुक उपकेंद्रात, अमुक तीन महिन्यांत, किती बालकांना कोणती लस दिली, याच्या नोंदवहीची प्रत मिळावी’ इथपर्यंत आणायला आमच्या शिक्षकांना एक अख्खी दुपार लागली. पुढच्या सत्रात ती दुपार ते विद्यार्थ्यांबरोबर घालवणार आहेत.